परतीच्या खिडकीतलं डावं बटण

ग्रंथपालांच्या लक्षात ती पहिल्यांदा आली ती एका तक्रारीमुळे. तक्रार मोजून पाच-सहा ओळींची होती. 'मी चष्म्याच्या दुकानात काम करते. रविवारी वृद्धाश्रमातलं पुस्तकांचं कपाट सांभाळते आणि नोंदी तुमच्या प्रोग्रामवर करते. नव्या संगणकावर तुमची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, काही केल्या मोठी होत नाहीत. कपाटाची किल्ली ज्या आजींकडे असते त्यांना मी चष्म्याचा नंबरही बदलून दिला. तरी वाचता येत नाही. म्हणजे दोष चष्म्याचा नाही.'

शेवटचं वाक्य ग्रंथपालांना झोंबलं.

प्रोग्राम त्यांनी चौदा वर्षांपूर्वी, दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता लिहिला होता. पुस्तक दिलं, पुस्तक परत आलं, एवढंच त्याचं काम. तो त्यांनी सगळ्यांना फुकट आणि उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, आत डोकावावं, दुरुस्ती सुचवावी. तीनेकशे लहान ग्रंथालयं तो वापरत होती. त्याच्या पडद्यावर उघडणाऱ्या एकतीस खिडक्या ग्रंथपालांनी स्वतः मांडल्या होत्या, कुठलं बटण काठापासून किती ठिपक्यांवर हे मोजून.

खिडक्या आणि बटणं ज्या तयार साच्यांतून बनतात त्या संचाला टूलकिट म्हणतात. ग्रंथपालांचं टूलकिट जुनं होतं, आणि बनवणाऱ्यांनीच ते वाऱ्यावर सोडलं होतं. अक्षरं वाढत नव्हती ती त्यामुळे. "नवं टूलकिट घेऊ या," चष्मेवालीने लिहिलं, "सगळ्या खिडक्या मी नव्याने मांडते."

चार दिवसांची हौस, असं ग्रंथपालांना वाटलं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसून शिकणारी बाई, ती काय एकतीस खिडक्या मांडणार! आठ महिन्यांत तिने सव्वीस मांडल्या.

तिच्यावर देखरेख हवी म्हणून ग्रंथपालांनी एक नियम केला होता. एकाने लिहायचं, दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचून होकार द्यायचा, मगच बदल आत. आता ते वाचत होते आणि अडवत होते. इथे दोन ठिपके जास्त. ही रेघ फिकट. एका खिडकीचा होकार त्यांनी तीन आठवडे लटकवला. ती बिचारी दर वेळी 'बरोबर आहे काका, बदलते' असं लिहून बदलायची. त्याने त्यांचा आणखीच जळफळाट व्हायचा. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

"सवत आल्यासारखं तोंड झालंय तुमचं," एकदा बायको म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"मग त्या पोरीच्या खिडक्या भिंग घेऊन का बघताय?"

चौदा वर्षांत ग्रंथपालांना आभाराची अकरा पत्रं आली होती. ती त्यांनी संगणकात एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपली होती. नव्या खिडक्यांची चित्रं चष्मेवालीने सगळ्यांना दाखवली, त्या एका आठवड्यात तिला एकोणीस आली. 'अखेर दिसलं बुवा!' असं एकाने लिहिलं होतं. जणू इतकी वर्षं ग्रंथपालांनी सगळ्यांना आंधळं ठेवलं होतं.

मग परतीची खिडकी आली. परत आलेल्या पुस्तकाचा क्रमांक टाइप करायचा, टॅब दाबायचा, एंटर दाबायचा, पुस्तक जमा. ग्रंथालयातली माणसं हे पडद्याकडे न बघता करतात, कारण नजर पुढच्या पुस्तकावर असते. जुन्या टूलकिटमध्ये टॅब कुठल्या बटणावर जाईल ते ग्रंथपालांनी ठरवून दिलं होतं. नव्यात तो डावीकडून उजवीकडे, दिसेल तसा जात होता. आणि चष्मेवालीने डावीकडे 'नोंद काढा', म्हणजे पुस्तक यादीतूनच पुसायचं बटण, ठेवलं होतं, उजवीकडे 'परत जमा'. 'नोंद काढा' पूर्वी फक्त माउसने दाबता यायचं, म्हणून 'नक्की काढू का?' असं ते विचारतही नसे.

ग्रंथपालांना हे दोन मिनिटांत दिसलं. त्यांनी शेरा लिहिला. वाचला. पुसला. आणि होकार दिला. कुठेतरी एखाद-दुसरी नोंद उडेल, ओरड होईल, मग लोकांना माझी आठवण येईल, असा त्यांचा हिशोब.

सोमवारी नवी आवृत्ती चाचणीसाठी बारा ग्रंथालयांत गेली, त्यांच्या स्वतःच्याही. दहा वाजता एका शाळेचं खोकं परत आलं. एक्केचाळीस पुस्तकं. ग्रंथपालांनी चष्मा सावरला आणि सुरुवात केली. क्रमांक, टॅब, एंटर. क्रमांक, टॅब, एंटर. खोकं संपल्यावर त्यांनी पडद्याकडे पाहिलं. एक्केचाळीसपैकी एकही पुस्तक यादीत उरलं नव्हतं. ठाऊक डोक्याला होतं. बोटांना कोणी सांगितलं होतं?

बाकीच्या अकरा ठिकाणीही आत्ता खोकी उघडत असतील. त्यांनी फोन लावला.

"ताई, ती आवृत्ती मागे घ्या. आत्ताच्या आत्ता."

"का हो काका?" कारण ऐकून ती म्हणाली, "अगं बाई! माझ्या ध्यानातच आलं नाही. पण तुम्ही तर वाचलं होतंत."

"वाचलं होतं." ग्रंथपाल म्हणाले. "दिसलंही होतं."

"दिसलं होतं?"

"हो."

पलीकडे कुणीतरी हलकी फ्रेम मागत होतं. "दोन मिनिटं हं," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. मग फोनवर, हळू आवाजात, "काका, तुम्ही दोन ठिपक्यांवरून अडवायचात ना, म्हणून मी निर्धास्त होते. म्हटलं, एवढा कडक माणूस; मोठी चूक सुटायचीच नाही."

"रागवा हो मला."

"रागवते. आधी आवृत्ती मागे घेते."

वीस मिनिटांत ती मागे घेतली गेली. तोवर आणखी दोन ग्रंथालयांच्या मिळून नऊ नोंदी उडाल्या होत्या. ग्रंथपालांनी आपली एक्केचाळीस पुस्तकं हाताने पुन्हा नोंदवली, आणि जिथे सगळे वाचतात तिथे लिहिलं, 'चूक मला दिसली होती. मी मुद्दाम बोललो नाही. यापुढे होकार देण्याचा अधिकार माझ्याकडे नसावा.'

चष्मेवाली 'नको हो काका' म्हणेल असं त्यांना मनातून वाटत होतं. तिने 'बरं' लिहिलं. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. वर कुणीतरी तिला लिहिलं, 'किती शांतपणे निभावलंत!'

"आता याचाही हेवा?" बायकोने विचारलं.

"याचाही," ग्रंथपाल म्हणाले.

हल्ली होकाराचं काम चष्मेवाली आणि कुठल्याशा गावचे एक शिक्षक मिळून बघतात. ग्रंथपाल दुपारच्या सुट्टीत, मागच्या खोलीत बसून नव्या खिडक्यांचं माहितीपुस्तक लिहितात. सध्या बाविसावं पान चालू आहे.