टाळ्या

धानोऱ्याला माझी बदली झाली त्या हिवाळ्यात, टेनिस बॉलच्या स्पर्धेत तो मला रोज दिसायचा. पंचेचाळिशी उलटलेली, केस काळे केलेले, गुडघ्याला पट्टा. धावायचा जवळजवळ नाहीच. मारला तर षटकार, नाहीतर जागेवर उभा.

आदल्या वर्षी त्याची बॅट आतून पोखरलेली सापडली होती. त्याआधी तो एकाच स्पर्धेत दोन गावांकडून खेळला होता. त्यामुळे तो मैदानात उतरला की चारी बाजूंनी "चोर, चोर" सुरू व्हायचं. तो शांतपणे टोपी सारखी करायचा आणि जिकडून जास्त ओरडा येईल तिकडेच चेंडू भिरकावायचा.

उपांत्य सामन्याआधी मांडवात मी त्याला विचारलं, "भाऊ, अजून किती वर्षं खेळणार?"

"बायको म्हणते सोडा, डॉक्टरबी म्हणते सोडा," पट्टा आवळत तो म्हणाला. "मलेच समजून नाई राह्यलं."

त्या दिवशी पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. परत फिरताना गुडघा दुमडला आणि तो खाली बसला. मैदान गप्प झालं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळेच वाजवू लागले.

लंगडत येऊन तो माझ्या शेजारी टेकला. चेहरा पार उतरला होता.

"फार लागलं का?"

"गुडघ्याचं काई नाई," तो म्हणाला. "पन लोकं टाळ्या वाजवून राह्यले ना. आता सोडाच लागते."

त्याचा संघ अंतिम सामन्याला उतरला, पण तो आला नाही. त्याला "चोर" म्हणायला जमलेले लोक थोडा वेळ थांबले आणि गाड्या काढून घरी गेले.