दोन ठोक्यांमधली जागा

पाच फैरी, पाचही टार्गेट पांढरी. शेजारी उभ्या असलेल्या लेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझा डोळा दुर्बिणीला होता, आणि दुर्बीण टार्गेटवर नव्हती. ती विशाखाच्या रायफलच्या नळीवर होती.

लेले आमच्या क्लबचे सेक्रेटरी. "साळुंखे, चेहरा का पाडलाय? पाचातले पाच आलेत. सहा हवे होते का?"

"एक मिनिट सर," मी म्हणालो. मग विशाखाला सांगितलं, "एक राउंड मारून ये. पुन्हा झोपून पाच."

तिने घाम पुसला, रायफल ठेवली, रोलर स्कीचे पट्टे आवळले आणि गेली. का म्हणून विचारलं नाही. ती कधीच विचारायची नाही.

आमचा खेळ बायथलॉन. तो पुण्यात समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. पाठीवर रायफल घेऊन बर्फावरून स्कीवर पळायचं, दम पार छातीत भरला की थांबायचं आणि नेम धरायचा. झोपून मारायचं टार्गेट साधारण लिंबाएवढं, पन्नास मीटरवर. लागलं की काळ्याचं पांढरं होतं. चुकलं की शिक्षा म्हणून जास्तीची फेरी. मी फौजेत होतो, काश्मीरला पोस्टिंग झालं, तिथे पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि पुढे याच खेळात नॅशनल चॅम्पियन झालो. पदक घेऊन घरी आलो तेव्हा शनिवार पेठेतल्या आमच्या मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "असं मुद्दाम करतात का?"

देशाबाहेर मात्र मी कायम शेवटून मोजला गेलो. तिकडची पोरं चालायला शिकतात तेव्हाच स्कीवर उभी राहतात. रिटायर झाल्यावर खडकीत कोचिंग सुरू केलं ते याच हिशेबाने, की आपण नाही तर आपलं कोणीतरी. पुण्यात बर्फ नाही, म्हणून आम्ही रोलर स्की वापरतो. चाकांची स्की, डांबरी रस्ता. सकाळी दूध आणायला निघालेले लोक म्हणतात, "काका, बर्फ पडायला वेळ आहे अजून." एवढी वर्षं तोच विनोद चाललाय. मीही तेच हसतो.

त्यात विशाखा गायकवाड आली. दारूगोळा कारखान्यातल्या फिटरची मुलगी, लहानपणापासून स्केटिंग केलेली. मी एवढ्या वर्षांत तिच्यासारखी पाहिली नव्हती. गुलमर्गला नॅशनल टीमच्या ट्रायल्स दोन आठवड्यांवर आल्या होत्या आणि ती निवडली जाणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

आता नळीचं सांगतो. झोपून नेम धरताना रायफलचा पट्टा दंडाला आवळलेला असतो. दंडातली नाडी त्या पट्ट्याला धक्का देते, पट्टा रायफलला, आणि नळीचं टोक प्रत्येक ठोक्याला किंचित उडतं. नेमबाजाने दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत ट्रिगर दाबायचा. फौजेतला माझा उस्ताद म्हणायचा, "निशाना सब देखते हैं. तू नली देख." ती सवय मला लागली ती लागली. चांगल्या दुर्बिणीतून नळी पाहिली की माणसाची नाडी दिसते.

विशाखा राउंड मारून आली, झोपली. नळी उडायला लागली. टक, टक, टक. मग एकदम थांबली. जिथे ठोका यायला हवा तिथे काहीच नाही. त्या थांबण्यातच तिने फैर झाडली. लगेच नळी जोरात उसळली, आधीच्या ठोक्यांपेक्षा दुप्पट. पाच फैरींत असं तीनदा झालं. टार्गेट पाचही पांढरी.

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. "नळी मध्येच थांबते तुझी."

ती हसली. "तुम्हाला दिसलं सर?"

"काय होतं तेव्हा?"

"एक ठोका येतच नाही. घशाशी काहीतरी आल्यासारखं होतं आणि सगळं शांत होतं. मी नेमकं तेव्हाच मारते. तुम्हीच सांगता ना, दोन ठोक्यांमधली जागा शोध. माझी जागा मोठी झालीय सर. प्रॅक्टिसने."

"आणि नंतर?"

"नंतर एक जोरात बसतो. पण तोवर माझं काम झालेलं असतं."

हे तिने अभिमानाने सांगितलं. पोरीच्या हृदयात काहीतरी बिनसत होतं आणि तिने त्यालाही वळण लावून कामाला जुंपलं होतं.

लेल्यांना ऑफिसात गाठलं. म्हटलं, हृदयाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी तिला पाठवत नाही.

"तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?"

"मी नळी पाहिली सर."

"नळी." त्यांनी चष्मा काढला. "साळुंखे, इतक्या वर्षांत क्लबचं एक माणूस नॅशनल टीममध्ये जातंय. आणि तुम्ही नळी बघून तिला घरी बसवणार. तिथे कॅम्पमध्ये मेडिकल होईलच की."

"तोवर ती त्या उंचीवर चढ चढून बसलेली असेल. विरळ हवेत. तिथे पडली तर हॉस्पिटल डोंगराखाली आहे."

त्यांनी चष्मा परत घातला. लेले वाईट माणूस नाही. त्यांनी तिच्या नावाचा फलक आधीच रंगवायला दिला होता, एवढंच.

विशाखाच्या घरी गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी, रमेशरावांनी, हातातली बॅग दाखवली. गुलमर्गसाठी नवी घेतली होती. मी सांगत गेलो तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"फॅमिली डॉक्टरने परवाच तपासलंय, सर. बीपी, नाडी, सगळं ठणठणीत म्हणाले."

"ती पडून असताना तपासलं असेल. पळून आल्यावर नाही."

"तुम्हीच तिला इथवर आणलंत," ते म्हणाले. "आता तुम्हीच अडवताय."

मी चाचरत विचारलं, "रमेशराव, घरात कोणी असं अचानक गेलंय का? तरुण वयात?"

त्यांनी बॅग खाली ठेवली. "माझा धाकटा भाऊ. फुटबॉल खेळताना मैदानातच पडला. ऊन लागलं म्हणाले सगळे." मग आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "विशाखा, चप्पल घाल. डॉक्टरकडे जायचंय."

हृदयाच्या डॉक्टरीण बाईंनी छातीची सोनोग्राफी केली आणि दिवसभर ठोके टिपणारं यंत्र अंगावर लावून दिलं. दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांना समोर बसवलं. हृदयाचा स्नायू एका बाजूने जाड झालाय. बहुतेक घराण्यातून आलेलं. जोराचा ताण पडला की ठोके चुकतात, आणि एखाद्या वेळी चुकलेली लय परत लागत नाही.

"नोकरी, लग्न, फिरणं, सगळं करायचं. औषध रोज घ्यायचं," बाई म्हणाल्या. "फक्त शर्यत नाही. कधीच नाही."

विशाखाने शांतपणे विचारलं, "नुसतं शूटिंग? पळायचं नाही, फक्त रायफल?"

"ते चालेल की," बाई म्हणाल्या. रमेशरावांनी सुस्कारा सोडला. मी चिठ्ठीवरचं औषधाचं नाव वाचलं आणि मान खाली घातली.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तिला सांगावं लागलं. ते औषध ठोके सावकाश करतं, हात स्थिर करतं. म्हणूनच नेमबाजीच्या स्पर्धांत त्याला बंदी आहे. घेणारा पकडला जातो. सवलत मागून पाहू म्हणालो, पण या औषधाला आमच्याकडे कोणी सवलत दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. पुढे अर्ज केला, नकारच आला.

"म्हणजे जगायचं असेल तर ते घ्यायचं, आणि ते घेतलं की मी लबाड," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही टार्गेट का नाही बघितलं सर? सगळे बघतात तसं."

ती रडली नाही. रिक्षात बसून वडिलांबरोबर निघून गेली. मी गाडी काढायला पार्किंगमध्ये गेलो आणि तिथे हेल्मेट हातात धरून रडलो. परदेशात शेवटचा आलो तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

ट्रायल्सना पुण्यातून कोणी गेलं नाही. विशाखाला हिंजवडीत नोकरी लागली. कंपनीची बस आमच्या ट्रेनिंगच्या रस्त्यावरून जाते. ती खिडकीशी बसलेली दिसायची, फोनमध्ये मान घातलेली. बस आमच्या वळणावर आली की मान आणखी खाली जायची. मी मुलांना दुसऱ्या रस्त्याला न्यायला लागलो.

वर्ष उलटल्यावर एका शनिवारी ती रेंजवर आली. "सर, रायफल मिळेल? नुसती पाच."

दिली. ती मॅटवर झोपली, पट्टा दंडाला आवळला. मी दुर्बिणीला डोळा लावला. नळीवर. नळी जवळजवळ हलतच नव्हती. अधूनमधून एक बारीकशी लहर, घड्याळासारखी नियमित. मी आयुष्यात इतकी स्थिर नळी पाहिली नाही. तिने घाई न करता पाच फैरी झाडल्या. पाचही पांढरी.

"दिसलं का?" तिने झोपल्या झोपल्याच विचारलं.

"दिसलं."

"चुकतोय का एखादा?"

"नाही. एकही नाही."

"बरं," ती म्हणाली. उठली, मॅट गुंडाळून जागेवर ठेवली, रायफल माझ्या हातात दिली आणि बस पकडायला गेली. त्या दिवशीची तिची नेमबाजी देशात कोणालाही हरवणारी होती. ती कुठेच धरली जाणार नाही.

मी अजून शिकवतो. नवीन मुलं झोपून नेम धरतात, नळी ठोक्यागणिक उडते आणि ती वैतागतात. सर, हलतेय, म्हणतात. पूर्वी मी ओरडायचो, स्थिर धर म्हणून. आता आधी थोडा वेळ बघत बसतो. टक, टक, टक, एकही न गाळता. मग म्हणतो, हलू दे. चांगली हलतेय.