कॉमेंट्रीचं धुकं

आमचा कॉमेंट्री नवीन गेम खेळायला लागला की आधी तिथली जमीन बघायचा. शत्रू किती, हत्यारं कुठली, या गोष्टी त्याच्या लेखी नंतरच्या. "बाई, इथली माती भुसभुशीत आहे. पावलाचा आवाज वेगळा येतो," असं तो गंभीरपणे सांगायचा. मला तो बाई म्हणायचा, कारण मी दादरच्या एका शाळेत मराठी शिकवते. सांगायचा, म्हणायचा असं मी लिहिते आहे आणि माझा मलाच संताप येतो आहे. माणूस चांगला जिवंत आहे, डिलाईल रोडला त्याच खोलीत राहतो आहे.

हे नाव त्याला चाळीतच पडलं. लहानपणी आमच्या मजल्यावर एकाच घरी व्हिडिओ गेम होता. खेळणारं कार्टं एक आणि बघणारी बारा. कॉमेंट्रीचा नंबर सहसा लागायचाच नाही. मग तो दारात उभा राहून, मागच्यांना टीव्ही दिसत नाही म्हणून, आत काय चाललंय ते त्यांना सांगत राहायचा. पुढे पुढे टीव्ही दिसत असला तरी पोरं त्याच्याच तोंडाकडे बघायची. मीसुद्धा.

पंचेचाळिशी उलटल्यावर त्या बारातले खेळणारे तिघेच उरलो. तो, मी आणि लालबागचा नंद्या. दर रविवारी अकरा वाजता आम्ही त्याच्या खोलीवर जमायचो. मोरीजवळ वहिनी बांगडे साफ करत असायच्या, आणि आम्ही टीव्ही बंद ठेवून सध्या कोण काय खेळतंय ते एकेक करून सांगायचो. नंद्या नुसती मारामारी सांगायचा. मी गोष्ट सांगायचे. कॉमेंट्री सांगायला लागला की मात्र वहिनींचा हातसुद्धा थांबायचा.

यात एक नियम होता, चाळीत एकुलती एक कॅसेट होती तेव्हापासूनचा. एकजण जो गेम खेळतोय, त्याचं सांगून संपेपर्यंत बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही. विकत घ्यायचा नाही, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ शोधायचे नाहीत. "मी जेवतोय त्या ताटात हात नाय घालायचा," असं कॉमेंट्री दरडावायचा. या नियमाचा आम्हाला केवढा अभिमान! शाळेतल्या सहकाऱ्यांना मी तो कौतुकाने सांगत असे.

रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत तो माप घेण्याचं काम करायचा. त्यामुळे गेममधल्या दारांना आणि पुलांनासुद्धा त्याच्याकडून सुटका नव्हती. एका भुताटकीच्या गेमचं ऐकून आम्ही दोघं घाबरून बसलो असताना हा म्हणाला, "चौकट सागवानी दाखवलीय आणि बिजागरी बघ, खुराड्याची." नंद्या हसून हसून पलंगावरून खाली आला. भूत मात्र त्या दिवशी वाया गेलं.

त्याचा शेवटचा गेम डोंगरातल्या टपालवाल्याचा होता. हा टपालवाला एकेक गाव पायी गाठून पत्रं पोचवतो आणि वाटेत लुटारू त्याला अडवतात, एवढीच गोष्ट. कॉमेंट्री त्यावर पाच महिने बोलला. पहिल्याच रविवारी म्हणाला, "धुकं काय केलंय गो बाई! साला, समोरची टेकडी असून नसल्यासारखी." पुढच्या महिन्यात कंदील आले. "प्रत्येक कंदिलाभोवती रंगीत कडं आहे. इंद्रधनुष्य कसं, तसं. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?" मग लुटारूंची तक्रार सुरू झाली. "लय लबाड आहेत. समोरून येतच नाहीत. बाजूने येतात आणि अंगावर पडेपर्यंत पत्ता नाय."

नंद्या म्हणाला, "असला गेम बनवणाऱ्याला सलाम." आणि मी काय केलं? मी मराठीची बाई. मला त्या धुक्यात वाङ्मय दिसलं. घरी येऊन मी त्याची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवली आणि वर्णनात्मक निबंधाचा नमुना म्हणून नववीच्या वर्गाला वाचून दाखवली. पोरांनी ती लिहून घेतली.

आणि त्या पाच महिन्यांत समोर काय काय घडत होतं! चहाचा कप टीपॉयच्या कडेला ठेवायला जाऊन त्याने दोनदा सांडला. वखारीत माप घ्यायला दुसरा माणूस ठेवलाय, असं सहज बोलून गेला. डोळे का चोळतोस, विचारलं तर "भुसा उडतो गो," म्हणाला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मला त्या डोंगरात पुढे काय झालं ते ऐकायचं होतं.

पाचव्या महिन्यात तो एका पुलाशी अडकला. तीन रविवार एकच सांगत होता, "पलीकडचं कायच दिसत नाय. धुक्यात पाय टाकला की खाली." त्याची तडफड बघवेना. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी नियम मोडला. गेम विकत घेतला, कारण मला ते धुकं स्वतः बघायचं होतं आणि जमलं तर त्याला पुलावरची वाट सांगायची होती.

गेम सुरू झाला तो लख्ख उन्हात. समोरच्या टेकडीवरच्या शेळ्या मोजता येतील इतकं स्वच्छ. मला वाटलं, धुकं पुढे असेल. म्हणून घाईघाईने पुढे गेले. कंदील आले, साधे पिवळे. लुटारू आले, दोन्ही बाजूंनी चांगले लांबून दिसत होते. मी सेटिंगमध्ये जाऊन धुकं वाढवायची सोय कुठे आहे ते शोधलं. तशी सोयच नव्हती. संध्याकाळी त्या पुलाशी पोचले, तर पलीकडे लाल कौलांचं अख्खं गाव दिसत होतं, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मी कंट्रोलर खाली ठेवला. नंद्याला फोन लावला. "धुकं नाहीये रे," एवढंच बोलता आलं. तो म्हणाला, "टॅक्सी कर. मी पण निघतो."

कॉमेंट्री टीव्हीपासून वीतभर अंतरावर, मान वाकडी करून बसला होता. मी त्याच्या उजव्या कानाजवळ हात धरला आणि बोटं किती, विचारलं. "कुठे बोटं?" तो म्हणाला. आधी त्याला मस्करी वाटली. मग माझा चेहरा शोधत तो मान फिरवत राहिला, आणि वहिनींनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलाच होता, डाव्यात मधे थोडं उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब घालायचे, आणि ते टिकेलच असं नाही. "पाच महिने आधी आला असता तर उजवासुद्धा बराच वाचला असता," ते म्हणाले. वहिनींनी त्याचा दंड धरून गदागदा हलवलं. "कोणाला बोललात कसे नाय तुम्ही? एक शब्द?" नंद्या आणि मी खाली बघत होतो. तो बोलला होता. दर रविवारी, आमच्यासमोर, एकेक लक्षण. त्याला ते गेममधलं वाटलं आणि आम्हाला सुंदर वाटलं.

परतताना टॅक्सीत त्याने मला विचारलं, "पण मी वर्णन बरोबर केलं होतं ना? दिसलं तेच सांगितलं." मी हो म्हटलं आणि तोंडावर पदर घेतला. कधी नव्हे ते मी त्या दिवशी साडी नेसले होते, आईच्या श्राद्धाची तिथी होती म्हणून.

थेंब चालू आहेत. डाव्या डोळ्यातलं उरलेलंसुद्धा महिन्यागणिक बारीक होत चाललंय आणि मला काही करता येत नाही. सुट्ट्या टाकल्या, तीन डॉक्टर पालथे घातले, तिघांनी तेच सांगितलं. तो आता खेळत नाही. रविवारी मी आणि नंद्या त्याच्यासमोर खेळतो आणि मी सांगत राहते. झाड कुठलं, पाणी किती, आभाळ कसं. मला त्याच्यासारखं जमत नाही. तो मधेच थांबवतो आणि विचारतो, "बाई, तुला नीट दिसतंय ना?"

"दिसतंय रे," मी म्हणते.

"कोणी विचारलं असतं, तर मी पण हेच बोललो असतो," तो म्हणतो. "उद्या जाऊन तपासून ये."