गाळाची बरणी

अरुंधती जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात सांडपाण्यावर पीएचडी करते. ऑलिव्हचं तेल काढल्यावर उरलेलं काळं, आंबूस पाणी तिच्याकडे स्पेनहून कॅन भरून येतं. ते नदीत सोडलं तर मासे मरतात आणि ते साफ करायला घातलेले जिवाणूही मरतात. म्हणून तिने सांडपाणी केंद्रातला गाळ आणून त्यातल्या जिवाणूंना या पाण्याची सवय लावली. आधी थेंबभर, मग चमचाभर, मग कपभर. त्यात हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. मार्चमध्ये तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. त्याआधी याच गाळावर मोठ्या टाकीतला प्रयोग व्हायचा होता.

"बायको गटार सांभाळते," असं नवरा श्रीरंग मित्रांना सांगतो. लोक हसतात. तीही हसायची.

शनिवार-रविवार विजेच्या कामासाठी प्रयोगशाळा बंद राहणार होती. अरुंधतीने गाळाची बरणी घरी आणून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि श्रीरंगला दाखवली.

"हिला हात लावायचा नाही. आईंनाही सांग."

"सांगतो ग."

सोमवारी गणपती. शनिवारी संध्याकाळी ती मोदकाची पिठी घेऊन परतली, तेव्हा बरणी सिंकशेजारी उपडी होती. स्वच्छ, साबणाचा वास येणारी.

"नैवेद्याचं दूध ठेवायचं ना तिथे," सासूबाई म्हणाल्या. "कसला घाण वास तो."

"आई, श्रीरंग काही बोलला नाही तुम्हाला?"

"त्यालाच तर विचारलं. म्हणाला, असेल जुनं काहीतरी, टाक."

सोफ्यावरून श्रीरंग म्हणाला, "मॅच चालू होती ग, लक्षात नाही आलं. दुसरा आण ना. गटारं काय कमी आहेत इथे?"

अरुंधतीने फ्रिजमधून एक वाडगा काढला. सासूबाईंनी पुण्याहून रुमालात वाळवून आणलेलं विरजण त्यात रोज जगत होतं. इथलं दही त्यांना चालत नसे.

"आई, हे ओतू सिंकमध्ये?"

त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी ओढून घेतला. मग बरणीकडे पाहिलं.

"तसं होतं ते?"

"तसंच. फक्त हे रात्रीत लागतं, त्याला वर्ष लागलं."

मार्चपर्यंत नवा गाळ तयार होणार नव्हता. हे तिने सांगितलं नाही. सांगून समजेल असं सोफ्यावर कोणी नव्हतं.

"श्रीरंग, सोमवारी मी गाळ आणायला जाते आहे. मोदक तू कर."

"मला कुठे येतात मोदक? पाहुणे येणार आहेत."

"आधी फुटतील. मग सवय होईल."

त्याने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी पिठीची पिशवी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.