मुठीतला गुलाल

जहाजाच्या इंजिनरूममध्ये यांचा उजवा खांदा निखळला आणि कंपनीने यांना साताऱ्याला घरी पाठवलं. शस्त्रक्रिया झाली, तरी हात छातीच्या वर जाईना. कंपनीच्या डॉक्टरांनी मात्र कामाला योग्य ठरवलं. आमचे डॉक्टर म्हणाले, जहाजावरचं काम विसरा. अशा वेळी दोन्ही बाजूंना मान्य असा तिसरा डॉक्टर तपासतो आणि त्याचंच मत अखेरचं. यांची अपंगत्वाची भरपाई त्यावर ठरणार होती. कागद मी क्रमाने लावले होते. पण तपासणीला बसलं की हे स्वतःच म्हणायचे, “तसं ठीक आहे.” दुखणं बोललं तर पुढचं जहाज मिळत नाही, ही बोटीवरच्या माणसांची हाडात मुरलेली भीती. समजावून मी थकले. देवावर सोपवणं माझ्या स्वभावात नाही, तरी सासरची रीत म्हणून आम्ही म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेलो.

रथ जवळ आला तसा यांनी डाव्या हातात गुलाल घेतला. मागून एक म्हातारी खेकसली, “देवाला डावा हात दावतोस व्हय रं? उजव्यानं टाक की!” आणि तिने यांचं उजवं कोपर धरून वर उचललंच. हे भर गर्दीत ओरडले, “आई गं!”

ती चपापली. “आरं, दुखतंय व्हय? मग बोलायचं की! देवाम्होरं कसला ताठा?”

“लय दुखतंय, आजी,” हे म्हणाले आणि रडू लागले. हे शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. म्हातारीने यांच्या मुठीतला गुलाल आपल्या मुठीत घेतला, रथावर उधळला. “पोचला बग तुजा,” म्हणाली आणि गर्दीबरोबर पुढे गेली.

तिसऱ्या डॉक्टरांपुढे मी फाईल उघडण्याआधीच हे बोलू लागले. हात कुठे अडतो, झोप कशी मोडते, सगळं. जहाजाच्या कामाला कायमचे अयोग्य, असा निर्णय आला आणि कंपनीने भरपाई मान्य केली. समुद्र सुटल्याचं यांना आजही वाईट वाटतं. फायली मी अजूनही नीट लावते. पण जे माझ्या हातात नव्हतं ते त्या दिवशी कोणीतरी उचललं, हे मी विसरत नाही. सिद्धनाथाचे आभार कसे मानावेत, मला कळत नाही.

यंदा रथ आला तेव्हा हे शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळले. “दादा, माझा हात वर जात नाही. एवढा गुलाल टाकता का?”