गहाळ नाय, हिसकावला

मॅडमला खुर्ची मिळाली. मला हवालदार म्हणाला, "तू तिकडं दाराशी बस, खाली."

बसले. गुडघा फुटला होता, रक्त साडीला चिकटलं होतं. अर्ध्या तासापूर्वी आम्ही दोघी बोईसरच्या बाजारातून परतत होतो. सहा वर्षं मी या मॅडमच्या घरी धुणीभांडी करत होते. भाजीच्या पिशव्या माझ्या दोन्ही हातांत, माझी पर्स खांद्याला. मागून मोटरसायकल आली. मागे बसलेल्यानं मॅडमच्या गळ्यातली चेन ओढली आणि त्याच झपाट्यात माझी पर्स. पट्टा तुटेना. चार पावलं फरफटत गेले, मग तुटला.

एकच गाडी, तेच चोर. दोघींना लुटलं.

चौकीत मात्र लुटली गेली एकटी मॅडम. तिला पाणी आलं, चहा आला. साहेब हळू आवाजात विचारत होते, चेन केवढी, कडी कशी. ती रडायला लागली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

खोटं कशाला सांगू, मला तिचा हेवा वाटला. चेनचा नाही. ती चेन सहा वर्षं रोज बघत होते, कधी डोळ्यात भरली नाही. हेवा वाटला तिच्या रडण्याचा. ती रडली की माणसं थांबत होती. मी रडले असते तर नाटकं नको म्हणाले असते. म्हणून रडले नाही.

माझी पाळी आली. पर्समध्ये काय होतं? मोबाइल, आणि पोरीचा जातीचा दाखला. ओरिजिनल. तो मिळवायला डोंगरातल्या आमच्या पाड्यापासून कोळगावच्या मोठ्या कचेरीपर्यंत किती खेपा घातल्या, ते मलाच माहीत. आज्याचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरंच. पोरीला नर्सिंगला घालायची होती. आठ दिवसांत कॉलेजात कागद दाखवायचे होते, झेरॉक्स काढायला म्हणून तो बरोबर घेतला होता.

हवालदारानं एक छापील फॉर्म पुढं सरकवला. कागद गहाळ झाल्याचा. म्हणाला, यावर दुसरा दाखला काढता येतो, सही कर आणि जा.

मी म्हटलं, "साहेब, गहाळ नाय झाला. हिसकावला."

तो हसला. मग त्यानं वेगळंच विचारायला सुरुवात केली. कुठल्या चाळीत राहतेस. नवरा काय करतो. त्याच्या दोस्तांकडं मोटरसायकल आहे का. मॅडम आज चेन घालून निघणार, हे आणखी कुणाला माहीत होतं.

मी मॅडमकडं पाहिलं. तिच्या कपाटाच्या चाव्या माझ्या हातात असायच्या. 'ती तशी नाही', एवढं एकच वाक्य पुरलं असतं. ती कपातल्या चहाकडं बघत राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं, तिचा नवरा कुणाबरोबर बसतो. याचाही हेवा वाटला. फार वाटला.

मग साहेबांनी विचारलं, गाडीचा नंबर कुणी पाहिला का. मॅडमनं डोळे मिटून घेतले होते. मी पाहिला होता. फरफटताना ती पाटी माझ्या डोळ्यांपासून हातभर लांब होती. सातवीपर्यंत शिकलेय. आकडे विसरत नाही.

"अगं, तू बघितलास? मग सांग ना लवकर," मॅडम म्हणाली. हवालदारानं माझ्यासाठी एक स्टूल पुढं ओढलं.

मी उभीच राहिले. "नंबर सांगते. आधी माझी तक्रार लिवा. चोरी म्हणून."

साहेबांचा आवाज चढला. पोलिसांपासून माहिती लपवलीस तर तुलाच आत घेईन, म्हणाले.

"लपवत नाय, साहेब. चोरांनी आमाला दोघींना लुटलं. तुमी एकीचंच लिवताय."

नंबर माझ्याशिवाय कुणाकडं नव्हता. मग साहेबांनी हवालदाराला तो फॉर्म उचलायला सांगितलं. तक्रारीत मॅडमच्या खाली माझं नाव आलं. मोबाइल आला, दाखला आला, माझा फुटलेला गुडघाही आला. मी अक्षर न् अक्षर वाचलं, नक्कल मागून घेतली. आणि मग नंबर सांगितला.

चोर चार दिवसांनी सापडले. मॅडमला चेन मिळाली. माझी पर्स त्यांनी कुठंतरी खाडीत फेकली होती. तक्रारीची नक्कल दाखवल्यावर कॉलेजनं पोरीला थोडी मुदत दिली. आम्ही परत खेपा घालतोय. मॅडमनं मला कामावरून काढलं. म्हणाली, माझी चेन गेलेली असताना तू अडून बसलीस.

हेवा गेलेला नाही. घालवणारही नाही. तिला न मागता मिळतं, ते मला भांडून का मिळावं, हे तो मला विसरू देत नाही. आता चाळीतली कुठलीही बाई चौकीत निघाली की मी बरोबर जाते. काय लिहिलं ते मोठ्यानं वाचते. झालं तसं लिहिलं नसेल, तर तिला सही करू देत नाही. आणि आम्ही दोघी तिथून हलत नाही.