मिस्टर जांभळा

"ह्यो गाणारा गडी भजनातला हाय बघा, तात्या."

निपाणीच्या कार्यालयात लग्न लागून गेलं होतं, बाहेर वरातीचे स्पीकर सुरू झाले होते, आणि माझ्या पुढच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे दोघे बसले होते. बोलले ते पखवाज वाजवणारे आप्पा. तात्या म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"असलं थिल्लर गाणं आन् भजनातला? कायतरीच."

"मधी त्यो हुं करतोय न्हवं, त्यावर माझा हात उठतोय. आपसूक." आप्पांनी मांडीवर थाप मारून दाखवली. थाप बरोबर जागेवर पडली.

मी मोबाइल काढला आणि काही न वाचता त्यात बघत राहिले. दारातून बाहेरचं दिसत होतं. नाचणाऱ्या पोरांच्या कडेला माझे पप्पा हात मागे बांधून उभे होते, दुसऱ्या कुणाचं तरी गाणं ऐकत असल्यासारखे.

गाणं पप्पांचंच होतं.

वडगावात आमचे दोन पॉवरलूम आहेत. पप्पा साड्या विणतात आणि मंडळाचे बुवा आहेत, म्हणजे पेटी घेऊन मधोमध तेच बसतात, अभंग तेच उचलतात, बाकीचे मागून म्हणतात. मागांच्या खडखडाटावरूनही ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. माझ्या आत्तेभावाची टिळकवाडीत रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. दिवाळीला आला तेव्हा तो पप्पांच्या मागेच लागला. "मामा, एकच गाणं. परत न्हाय सांगणार." पप्पांनी आढेवेढे घेतले, पण फार नाही. नाव द्यायचं नाही आणि फोटो लावायचा नाही, एवढंच म्हणाले. मग नाव मी सुचवलं, मिस्टर जांभळा. जांभळा गॉगल घातलेल्या माणसाचं चित्रही मीच काढून दिलं. चित्र काढताना कुणाशी बोलावं लागत नाही.

स्कूटीवरून जाणाऱ्या आणि वळून न बघणाऱ्या एका मुलीचं ते गाणं. रेकॉर्डिंगच्या दिवशी पप्पांनी आत्तेभावाचा गॉगल मागून घेतला. मला वाटलं थट्टा करतायत. पण तो डोळ्यांवर चढवल्यावर ते खांदे हलवून गायला लागले. घरात पाणी मागतानाही आवाज न चढवणारा माणूस. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

भजनात पखवाज सुरू व्हायला हवा असला की पप्पा हनुवटी जराशी उचलून घशातून एक 'हुं' देतात. आप्पा त्याचीच वाट बघत असतात. तो हुं पप्पांनी सवयीने या गाण्यातही दिला. आत्तेभाऊ खूश झाला. त्याने तो आणखी दोन ठिकाणी चिकटवला. कॉम्प्युटरने आवाजाला पत्र्यासारखी धार आणली होती, त्यामुळे शब्द म्हणणारे पप्पा ओळखू येत नव्हते. हुं तेवढा जसाच्या तसा राहिला, आणि गाणं नेटवर टाकल्यावर लोकांनी नेमका तोच उचलला. हळदीला, वरातीला पोरं त्या जागी थांबतात आणि सगळी एकदम हुं करतात.

निपाणीहून घरी आल्यावर मी पप्पांना आप्पांचं बोलणं सांगितलं. ते मागावर तुटलेला धागा जोडत होते.

"न्हाय कळत," ते म्हणाले. "त्यो जांभळा वेगळा माणूस हाय."

"आणि कळलं तर?"

त्यांनी धाग्याला गाठ मारली. "तर काय. टाळ घिऊन मागं बसायचं."

असं पूर्वी झालेलं होतं. मंडळातल्या एकाने ऑर्केस्ट्रात गाणी म्हटली म्हणून तात्यांनी त्याला पुढून उठवून मागच्या ओळीत बसवलं. थोडे दिवस तो आला, मग दिसेनासा झाला. पप्पांना मित्र असे कुणी नाहीत. चहाच्या गाड्यावर ते थांबत नाहीत. गुरुवारी देवळात पेटीपुढे बसतात तेवढंच त्यांचं बाहेर जाणं. ती जागा गेली तर ते घर आणि माग यांच्या मधल्या दारात उभे राहतील आणि कुठेच जाणार नाहीत, हे मला दिसत होतं.

त्यानंतर मी ऑफिसात डबा खाताना त्या गाण्याखालच्या कमेंट वाचायला लागले. मराठीत, कन्नडमध्ये, कुणी हिंदीत. 'कोण आहे हा?' असं कुणी विचारलं की मी त्याखालची उत्तरं शेवटपर्यंत वाचून काढायची. गल्लीत एखादा टेम्पो ते गाणं लावून आला की मी उठून खिडकी लावायची. आई म्हणायची, एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावतीस गं.

मी सहसा देवळात जात नाही. पण एका गुरुवारी आईने केलेला शिरा पोचवायचं निमित्त करून गेले आणि बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसले. भजन सुरू व्हायचं होतं. आवाज घुमावा म्हणून आप्पा पखवाजाला कणीक लावत होते. पप्पांच्या मागे नेहमीसारखा आमच्या गल्लीतला वायरमन बसला होता. पप्पांची ओळ उचलून धरायचं काम त्याचं. दोन मुलांचा बाप, हसतमुख, नातलगांच्या हळदीत हौसेने गाणारा.

"काय वायरमन," तात्या म्हणाले, "हल्ली जांभळा रंग लई आवडतोय म्हणं?"

लोक हसले. वायरमनही हसला. मग तात्या हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं.

"मी न्हवं, तात्या."

"आप्पा म्हणत हुते ते खरंच निघालं. बुवांच्या मागं बसून बसून बुवांचा हुंकार उचललास, आन् निऊन बाजारात मांडलास."

"आईशपथ न्हाय."

"मग तसा हुं करणारा दुसरा कोण हाय ह्या गल्लीत? सांग की."

पप्पांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. कुणाच्या मनातच ते येत नव्हतं. फक्त आप्पांनी मान वर केली नाही. कणीक लावून झाली होती तरी ते अंगठ्याने ती दाबत राहिले.

"आजपासनं मागं," तात्या म्हणाले. "टाळ घे."

वायरमनने पुढे वाकून विचारलं, "बुवा, तुमी तर सांगा की ह्यास्नी."

पप्पांनी पेटीचा भाता उघडला, मिटला. बोट कुठल्याच पट्टीवर नव्हतं, नुसती हवा आली. त्यांचे कान लाल झाले होते. वायरमन थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग त्याने खाली अंथरलेला पंचा उचलला, झटकला, आणि टाळांची जोडी घेऊन मागच्या ओळीकडे निघाला. बसलेल्यांनी त्याला वाट द्यायला गुडघे आखडून घेतले.

मी उठून उभी राहिले होते हे मला बायका माझ्याकडे बघायला लागल्यावर कळलं.

"पप्पा," मी म्हणाले, "तुम्ही सांगताय का मी सांगू?"